पिशवीला हात लावायचा नाही

जिन्यावरून आधी तिचा आवाज यायचा, मग ती.

"ही चप्पल कोणाची आहे मधोमध? चप्पल आहे की सापळा? मी पडले तर सकाळी तुम्हाला उठवणार कोण? काका?"

काका म्हणजे तिचा नवरा. तो या इमारतीत कधी आला नव्हता, पण अकराच्या अकरा पोरांना माहीत होता, कारण मावशी ओरडायला लागली की प्रत्येक तिसऱ्या वाक्यात तो यायचाच. समोर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. तिला ते ठाऊक होतं. एकदा एकाने तोंडावरच विचारलं, "मावशी, तुला तोफ म्हटलेलं चालतं?" ती म्हणाली, "चालतं. पण तोफेसमोर उभं राहून विचारू नये."

ही इमारत पूर्वी मोज्यांचा कारखाना होती. मशीन गेली, फरशीवर तेलाचे डाग राहिले, आणि लांबलचक हॉलमध्ये पातळ भिंती घालून अकरा खोल्या काढल्या. प्रत्येक खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खिडकी आणि एक जण. वय अठरा ते एकवीस. कोणी अनाथालयातून वय भरलं म्हणून बाहेर पडलेलं, कोणाला घरच्यांनी हाकललेलं, कोणी स्वतःच निघालेलं. इथे वर्षभर राहायचं, काहीतरी शिकायचं किंवा काम धरायचं. वर्ष संपत आलं की आणखी एका वर्षासाठी अर्ज करायचा. मुक्काम वाढवायचा की नाही, ते मोठ्या ऑफिसातले साहेब ठरवणार. नाही म्हणाले तर पुन्हा रस्ता. मी तिथे शनिवारी जायचे, पोरांकडून छोटी नाटकं बसवून घ्यायला. पुढचं अर्धं मला तोफेने सांगितलं आणि अर्धं मुंगीने, तिथल्याच एका पोरीने. दोघींचं जुळलं नाही तिथे मी मुंगीचं धरलंय.

इथे देखरेखीला लागायच्या आधी तोफ बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत होती. अठरा वर्षं काचेच्या भोकातून तिने लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या. बाकांवर कोण प्रवासी आणि कोण नाही, हे तिला खुर्चीतून कळायचं.

"गाडीवाला घड्याळाकडे बघतो," ती सांगायची. "ज्याला कुठेच जायचं नाही तो दाराकडे बघतो. उठवायला कोण येतंय ते."

तिथे एक पोरगी महिनाभर रोज यायची. खिडकीशी वाकून विचारायची, पुढची गाडी किती वाजता? कुठलीही गाडी चालायची तिला. तोफ वेळ सांगायची, ती मान हलवून बाकावर जाऊन बसायची.

"बरोब्बर वेळ सांगायचे मी. एक मिनिट इकडेतिकडे नाही. एवढी हुशार! मग एक दिवस ती आली नाही. मी कोणाला विचारलं का? नाही. अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले आणि एका पोरीची चौकशी केली नाही." एवढं बोलून ती कोणावर तरी ओरडायला निघून जायची. जो पहिला दिसेल तो.

तर कारखान्यात आल्यावर तिने एक नियम केला. तो कुठल्याही फलकावर नव्हता. नवीन आलेल्याच्या पिशवीला हात लावायचा नाही. सामान काढ, कपाटात लाव, असं म्हणायचंसुद्धा नाही. सगळे जण पिशवी भरलेली ठेवतात. कोणी आठवडा, कोणी चार महिने. पलंगाखाली, दाराच्या बाजूला, उचलून पळता येईल अशी. मग एक दिवस त्यातलं कोणी जिन्यात तिला गाठायचं आणि भलतीकडे बघत म्हणायचं, "मावशी, खुंटी पाहिजे."

त्या दिवशी तोफ स्वतः हातोडी घेऊन यायची आणि दारामागे लाकडी खुंटी ठोकून द्यायची. भिंती पातळ, त्यामुळे ठोकाठोकी सगळ्या मजल्याला ऐकू जायची. सगळ्यांना कळायचं: अमुक आता राहणार.

मुंगीने दहा महिने खुंटी मागितली नव्हती.

मुंगी एकोणीस वर्षांची. चणीने लहान, पण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे असे उचलायची की बघणाऱ्याचीच कंबर दुखावी. तिची निळी रेक्झिनची पिशवी होती. चेन तुटलेली, तिथे चार सेफ्टी पिना. रोज कामावरून आल्यावर ती त्यातला एक ड्रेस काढायची, अंगावरचा धुवायची, वाळला की घडी घालून परत आत. कपाटात फक्त एक कंगवा. काम चुकवत नव्हती, भांडत नव्हती, आलेल्या-गेलेल्याच्या वहीत रोज सही करत होती.

त्या बुधवारी सकाळी मॅडमनी तोफेला ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे या घराच्या व्यवस्थापक. तिशीच्या, शिकलेल्या, प्रामाणिक. वाईट नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यावर नीट चिडता यायचं नाही, आणि म्हणून तोफ जास्तच चिडायची.

"मावशी, मुंगीचा अर्ज. शुक्रवारी अकराला साहेब स्वतः खोली बघायला येतायत. हा रकाना बघा."

तोफेने चष्मा लावला. 'निवासी स्थिरावला/ली आहे काय? सामान कपाटात लावले आहे काय? होय/नाही.'

"हे कोणी काढलं?"

"नवीन फॉर्म आहे."

"फॉर्म काय आभाळातून पडला? कोणीतरी बसून लिहिला असेल ना? पंख्याखाली बसून?"

"मावशी, माझ्यावर ओरडून काय होणार? बाहेर पंचवीस जण रांगेत आहेत. ज्याला राहायचं नाही त्याला खोली का द्यायची, असं त्यांचं म्हणणं. गेल्या महिन्यात दोन ठिकाणी 'नाही' आलं, दोन्ही अर्ज फेटाळले."

"तिला राहायचं नाही हे कोणी सांगितलं? पिशवीने?"

"तुम्ही तिच्याशी बोला ना. तुमचं ऐकते ती."

"ऐकते. म्हणूनच बोलणार नाही." तोफ उठली. "माझं ऐकून तिने सामान लावलं तर ते तिने लावलं का मी?"

घरी जाऊन तिने हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. काका बस डेपोत मेकॅनिक होते. इंजिनांच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता आणि ते जेवायला मुद्दाम डावी बाजू बायकोकडे करून बसायचे. तिने सगळं सांगितलं, फॉर्मला शिव्या घातल्या, साहेबांच्या सात पिढ्यांना पंख्याखाली बसवलं.

काका म्हणाले, "मग शुक्रवारपुरतं लाव की कपाटात. साहेब गेले की परत भर. त्यात काय बिघडतं?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गाडीचा पाना आहे का तो, काढला आणि लावला? उजव्या कानाने ऐकलंत तरी डोक्यात डावीकडूनच जातं!"

काकांनी ताट उचललं आणि गेले. पण बोललेलं राहिलं. ती कूस बदलत राहिली आणि सकाळपर्यंत तिला ते पटलं. हे सांगताना ती अजून स्वतःला चिमटे काढते. "दहा महिने सगळ्यांना सांगत फिरले, हात लावू नका, हात लावू नका. आणि लावला कोणी?"

गुरुवारी दुपारी दोन वाजता, मुंगी कामावर असताना, तोफेने स्वतःजवळच्या किल्लीने तिची खोली उघडली. पिना काढल्या. आत दोन ड्रेस, एक स्टीलची ताटली, चमचा, टॉर्च, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद आणि लहान मुलाचा एक पिवळा स्वेटर. तिने सगळं अगदी मायेने लावलं. ड्रेस हँगरला. ताटली खिडकीत, उन्हात चमकेल अशी. कागद खणात. रिकामी पिशवी चौघडी करून कपाटावर, पिना तिच्यावर ओळीत. मग हातोडी आणून दारामागे खुंटी ठोकली. ठोकताना तिला बरं वाटलं, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

चारला मुंगी येईल, दारातच तिला गाठून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण साडेतीनला दुसऱ्या मजल्यावरचा नळ तुटला, जिन्यातून पाणी वाहायला लागलं, आणि ती बादल्या घेऊन, पाण्याला शिव्या देत वर अडकली. मुंगी त्या दिवशी वीस मिनिटं लवकर आली.

तोफ ओल्या साडीने खाली उतरली तेव्हा वहीवर मुंगीच्या खोलीची किल्ली ठेवलेली होती. वहीत मुंगीच्या स्वच्छ अक्षरात, तीन पन्नास. 'आले'च्या रकान्यात काही नाही. 'गेले'च्या रकान्यात सही. आणि त्याच्या पुढे, कोणी विचारलं नसताना, लिहिलेलं: सामान घेऊन.

तोफेने वही भिंतीवर फेकली. मग उचलून आणली, कारण पानं भिजत होती.

संध्याकाळभर ती बसस्टँड, बाग, हॉस्पिटलची पायरी फिरली. कुठेच नाही. शुक्रवारी सकाळी नऊला ती धुलाईखान्याच्या मागच्या दारात उभी होती. आत वाफ, साबणाचा उग्र वास, मोठमोठे ड्रम घरघरतायत. मुंगी चादरींच्या ढिगाआडून आली. पाठीवर पिशवी. काम करतानाही पाठीवर.

"इथे कशाला आलीस?"

"तुला घ्यायला. रात्री कुठे होतीस?"

"इथेच. सुकलेल्या चादरींवर. गरम असतात."

"चादरींवर! खोली असताना? पलंग असताना? अक्कल विकून खाल्लीस?"

"ओरडू नकोस, मावशी. इथे ओरडायचा माझा नंबर आहे." आणि मुंगी ओरडली. दहा महिन्यांत कोणी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "माझी पिशवी कोणी उघडली?"

"मी."

"मला वाटलंच. पिना तुझ्या पद्धतीने मांडून ठेवल्या होत्या ओळीत. कोणाला विचारून उघडलीस?"

"साहेब येणारेत आज. त्या फॉर्ममध्ये लिहिलंय की सामान..."

"मला विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

तोफ जवळची एक चादर उचलून घडी घालायला लागली.

"मामाकडे होते तेव्हा एक दिवस शाळेतून आले, माझं सामान पायरीवर," मुंगी म्हणाली. "नीट लावलेलं. मामीने घड्यासुद्धा घातल्या होत्या. मग होस्टेलवर. मग मैत्रिणीच्या खोलीवर. प्रत्येक वेळी नीट लावलेलं असतं, मावशी. लोक हाकलताना फार नीटनेटकं वागतात. दुसऱ्याने माझं सामान हलवलं की मी निघायचं असतं, एवढं मला कळतं. सांगायची वेळ येऊ देत नाही मी कोणावर."

"मी तुला हाकलत नव्हते गं, बये. मी तुझी खोली वाचवत होते."

"मग माझी खोली होती तर दार का उघडलंस?"

मागून मुकादम ओरडला, गप्पा मारायला ठेवलंय का तुम्हाला? तोफ वळली आणि म्हणाली, "दोन तास हिला सोडा. हॉस्पिटलच्या चादरी पळून जात नाहीत!" तो बिचारा मागे सरकला. मुंगीला हसू आलं होतं, पण तिने ते दाखवलं नाही. असं ती सांगते.

"येते," ती म्हणाली. "पण पिशवी जशी होती तशी तू भरून द्यायचीस. काल मी नुसती कोंबलीय. आणि ती खुंटी काढायची. मी मागितली नव्हती."

"साहेब अकराला येतायत."

"मग लवकर चल."

साडेदहाला मुंगी पलंगावर मांडी घालून बसली आणि तोफ फरशीवर गुडघे टेकून. पिशवी उलटी करून सगळं बाहेर काढलेलं.

"कागद खाली नाही. पाठीच्या बाजूला. चालताना पाठीला टोचले पाहिजेत, म्हणजे आहेत ते कळतं."

"बरं."

"ताटली ड्रेसमध्ये गुंडाळ. नाहीतर वाजते. वाजली की लोक बघतात."

"गुंडाळली. पुढे?"

"टॉर्च बाजूच्या कप्प्यात. उलटी. बटण खाली. तुला काही येत नाही गं, मावशी."

"मला खुंट्या ठोकता येतात. पिशव्या भरणाऱ्यांच्या घरात नोकरी केली, पण पिशवी भरायला कोणी शिकवलं नाही. स्वेटर?"

"स्वेटर सगळ्यात वर. डोक्याखाली लागतो."

स्वेटर कोणाचा, ते तोफेने विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. पिना लावल्या, दोन सरळ, दोन आडव्या. मग ती उठली, हातोडीच्या मागच्या चिमट्यात खुंटी धरली आणि ओढली. खुंटीसोबत वीतभर चुना खाली आला. त्याच वेळी दारात मॅडम, आणि मॅडमच्या मागे साहेब.

साहेबांनी आधी चुना बघितला, मग हातोडी, मग भरलेली पिशवी.

"ही निघाली वाटतं? मग अर्ज कशासाठी?"

"निघाली नाही," तोफ म्हणाली. "पिशवी भरून झाली. आता राहणार."

"हे काय उत्तर झालं?"

"साहेब, तुम्ही रोज संध्याकाळी बॅग भरता, घरी जाता. मग तुम्ही ऑफिसात स्थिरावला नाहीत असं लिहू का मी कुठे? वीस वर्षं झाली असतील!"

"माझं घर आहे, मावशी. तो वेगळा प्रश्न आहे."

"तोच प्रश्न आहे! तुमचं घर आहे म्हणून तुमची बॅग भरलेली चालते. हिला नाही म्हणून हिची रिकामी पाहिजे? ज्याला कोणी कधी हाकललं नाही त्याने बसून हा रकाना लिहिलाय. दहा महिने ही पोरगी कामाला जाते, सही करते, कोणाची काडी इकडची तिकडे करत नाही. त्याचा रकाना कुठे आहे? दाखवा!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, पुरे."

"साहेब," मुंगी म्हणाली. पलंगावरून उतरली. "मी काल गेले होते. वहीत लिहून गेले. सामान घेऊन."

मॅडमनी डोळे मिटले. लिहून गेलेल्याची खोली दुसऱ्या दिवशी पुढच्याला जाते, हा त्या घराचा सगळ्यात जुना नियम. मुंगीला तो पाठ होता.

साहेबांनी पेन उघडलं. "मग प्रश्नच मिटला."

"नाही मिटला!" तोफेने हातोडी पलंगावर टाकली. "ती गेली कारण मी तिचं दार उघडलं. ती नसताना. न विचारता तिची पिशवी उपसली, तुमचा हा चौकोन भरायला. हे लिहा. माझं नाव लिहा. आणि मॅडम, आज सकाळी दहाला 'आले'च्या रकान्यात हिची सही आहे, तीही लिहा."

साहेबांनी पेन बंद केलं. मग मुंगीला विचारलं, "तुला राहायचंय का?"

"हो."

"मग सामान का लावत नाहीस?"

मुंगीने खांदे उडवले. "राहायचंय म्हणून."

ते कळलं असं साहेबांचं तोंड सांगत नव्हतं. आठवड्याने दोन पत्रं आली. मुंगीला वर्षाऐवजी तीन महिने, खाली शेरा: 'सामानाबाबत प्रगती अपेक्षित.' आणि तोफेला लेखी ताकीद: निवासीच्या खोलीत परवानगीशिवाय प्रवेश, सबब तिच्याकडची सगळ्या खोल्यांची किल्ली काढून घेण्यात येत आहे. तिने दोन्ही पत्रं जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचली. 'प्रगती अपेक्षित' तिने सहा वेळा वाचलं, दर वेळी वेगळ्या सुरात. शनिवारी माझ्या पोरांनी त्याचं नाटक बसवलं. तिने ते बघितलं आणि साहेब नीट चिडका झाला नाही म्हणून तक्रार केली.

पण ताकीद तिने फ्रेमसारखी कपाटाच्या दारावर चिकटवली. "ही बरोबर आहे," असं फक्त मला म्हणाली. "ते दुसरं पत्र आहे ना, त्यासाठी मी भांडणार. यासाठी नाही."

तीन महिने परवा संपतायत. नवा अर्ज आला, तोच रकाना. मॅडमनी तो भरायला तोफेकडे दिला. ती वर गेली आणि मुंगीच्या दारावर ठोकलं.

"कोण?"

"मी."

"थांब."

ती थांबली. किल्ली नाही, दुसरं करणार काय? पायाशी कोणाची तरी चप्पल होती, तिला लाथ मारली. "थांबले आहे! माझं वय बघ आणि थांबव! गुडघे काय सरकारी आहेत?"

दार उघडलं. पलंगाखाली निळी पिशवी तशीच, दाराच्या बाजूला. दारामागे भिंतीतलं भोक तसंच. बुजवायला गवंडी आला होता, मुंगीने त्याला आत घेतलं नव्हतं.

"सामान कपाटात लावले आहे काय," तोफेने वाचलं. "काय लिहू?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मागच्या वेळी झालं. तू सांग."

मुंगीने विचार केला. "लिही, पिशवी भरलेली आहे. अकरा वर्षांची असल्यापासून भरलेली आहे. तरी मी रोज इथेच परत येते. वही बघा."

तोफेने फॉर्म डोळ्यांसमोर धरला, लांब नेला, परत जवळ आणला. "एवढ्याशा चौकोनात हे सगळं मावणार कसं? अंगठा मावत नाही यात माझा! असला चौकोन काढणाऱ्याला आधी..."

"मावशी."

"काय?"

"चौकोनाच्या बाहेर लिही."

तोफेने भिंतीला कागद टेकला, भोकाच्या जरा बाजूला, आणि पेन इतकं दाबून लिहायला लागली की कागदाला मागून अक्षरं उठली.